जाफन्याचा चाकरमानी

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली : लंकेतलं सिंहली-तमिळ भांडण. श्रीलंकेच्या सहली स्वस्त झाल्याचा परिणाम असावा. मालवणचं पत्र सगळ्यात लांब आणि सगळ्यात प्रामाणिक, म्हणून आधी ते.

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही बाराजण टूरबरोबर श्रीलंकेला जाऊन आलो. कँडीचं दंतमंदिर बघितलं, अशोकवाटिका बघितली. वाटेत चहाच्या मळ्यात गाडी थांबली तेव्हा गाइड म्हणाला, हे तमिळ लोक ब्रिटिशांनी आणलेले, इथले मूळचे नव्हेत, तिथूनच सगळं भांडण. माझ्या मुलीच्या ऑफिसात चेन्नईचे एक गृहस्थ आहेत, ते म्हणतात वैर दोन हजार वर्षांचं आहे. आमच्या ह्यांचं ठाम मत की इंग्रजांनी आपल्याकडे फोडा नि झोडा केलं तसंच तिकडे केलं, विषय संपला. तिघांच्या तीन तऱ्हा. खरां काय तां सांगा. (एक वाचक भगिनी, मालवण)

उत्तर : ताई, गाइड खोटं बोलला नाही, पण त्याने दोन वेगळे तमिळ एक करून टाकले.

मळ्यात पानं खुडताना ज्या बायका तुम्ही पाहिल्यात, त्यांचे खापरपणजे इंग्रजांच्या काळातच तमिळनाडूतून गेले. तेव्हा मळे कॉफीचे होते. १८६९ साली कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला, पुढच्या पंधराएक वर्षांत कॉफी बसली आणि त्याच डोंगरांवर चहा चढला. मजूर आणायचं काम कंगाणीचं. आपल्याकडे तांडेल गावोगाव फिरून, उचल देऊन ट्रॉलरसाठी खलाशी जमवतो, तसाच हा मुकादम. उचल फिटेपर्यंत माणूस त्याच्या वहीत. फरक एवढाच की खलाशी मिरगाआधी घरी परततो आणि मळ्यातला माणूस परतला नाही.

जाफन्याचे तमिळ ही निराळी गोष्ट. बेटाच्या उत्तर टोकाला त्यांचं स्वतंत्र राज्य होतं. पोर्तुगीजांनी ते १६१९ साली घेतलं आणि शेवटचा राजा संकिली याला गोव्यात आणून देहदंड दिला. त्या राज्याचा शेवट आपल्या शेजारी झाला म्हणायचा. या लोकांना ‘तुम्हाला इंग्रजांनी आणलं’ म्हणणं म्हणजे मालवणच्या दर्यावर्दीला ‘तू बंदरावर कधी आलास रे’ असं विचारणं.

आता चेन्नईच्या गृहस्थांची दोन हजार वर्षं. महावंस या पाली ग्रंथात तमिळ राजा एळार आणि सिंहली राजपुत्र दुट्ठगामणी यांची लढाई आहे, हे खरं. पण एळार न्यायी राजा होता, हेही तोच ग्रंथ सांगतो. त्याला मारल्यावर दुट्ठगामणीने त्याची समाधी बांधली आणि तिथून जाताना वाद्यं थांबवायची असा दंडक घातला, हेही त्यातच आहे. ग्रंथ भिक्खूंनी लिहिलेला, त्यामुळे त्यांना लढाई धर्माची वाटली. तिला वंशाची लढाई करून वाचायला शिकवलं ते एकोणिसाव्या शतकाने. १८३७ साली महावंसाचं इंग्रजी भाषांतर छापून आलं. त्याच काळात युरोपातल्या भाषापंडितांनी भाषांची कुळं लावली : सिंहली आर्य कुळातली, तमिळ द्राविड. भाषेपुरतं ते बरोबरच आहे. तुम्हीही ऐकलं असेल, सिंहलीत दाताला ‘दत’, हाताला ‘अत’ आणि दहाला ‘दहय’ म्हणतात. पण भाषेचं कूळ माणसाच्या रक्ताला चिकटवलं गेलं आणि दोन-तीन पिढ्यांत लोक स्वतःला आर्य नि द्राविड म्हणवू लागले. त्याच सिंहलीत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि दुकानाला कडे. दोन्ही शब्द तमिळमधून आलेले. त्यांचा हिशेब कुणी मांडला नाही.

कँडीचीच गंमत पाहा. दंतमंदिराच्या त्या शहरात १७३९ पासून गादीवर नायक्कर घराणं होतं. मूळ दक्षिण भारतातलं, सोयरीक मदुरेकडची. त्यांच्यातल्या कीर्ती श्री राजसिंहाने सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडहून, भिक्खू आणून १७५३ साली लंकेतली खंडित झालेली भिक्खूदीक्षा पुन्हा सुरू केली. आज सिंहली बौद्धांचा जो सर्वांत मोठा निकाय, म्हणजे भिक्खूंचा पंथ, त्याचं नावच सयाम निकाय. बाहेरून आलेल्या घराण्यातल्या राजाने बौद्ध धर्म सावरला, आणि त्याच घराण्यातला शेवटचा राजा श्री विक्रम राजसिंह याला १८१५ साली सिंहली सरदारांच्या मदतीने इंग्रजांनी उतरवलं. त्याला ठेवलं वेल्लोरला. मी रत्नागिरीत थिबा पॅलेसपासून दहा मिनिटांवर राहतो. संध्याकाळी पॉइंटवर उभा राहिलो की हटकून मनात येतं, ब्रह्मदेशचा राजा आमच्याकडे आणि कँडीचा राजा वेल्लोरला. इंग्रजांना राजे ठेवायला जागा हिंदुस्थानात बऱ्या सापडायच्या.

तर ‘ह्यां’चं फोडा नि झोडा. त्यांना सांगा, तसा हुकूम काढून कुणी भांडण लावलं नाही. झालं ते याहून साधं आहे आणि म्हणूनच निस्तरायला जास्त कठीण. १८३३ मध्ये इंग्रजांनी सगळं बेट एका कारभाराखाली आणलं. कायदेमंडळ नेमलं, त्यात बिनसरकारी सहा जागा : तीन युरोपियनांना, एक सिंहल्यांना, एक तमिळांना, एक बर्गरांना, म्हणजे डच-पोर्तुगीज वंशाच्या लोकांना. सिंहली लोकसंख्येच्या निम्म्याहून कितीतरी जास्त, तरी त्यांना एक आणि तमिळांनाही एक. यातून दोन समजुती रुजल्या. पहिली, माणसाने सरकारदारी जायचं ते जमातीच्या नावाने. दुसरी, तमिळ पुढाऱ्यांना वाटू लागलं की आपण अल्पसंख्य नाही, दोन बरोबरीच्या भागीदारांपैकी एक आहोत. पुढे १९३०-४० च्या दशकांत तमिळ पुढारी जी. जी. पोन्नंबलम यांनी निम्म्या जागा सिंहल्यांना आणि निम्म्या बाकी सगळ्यांना अशी मागणी केली, तिचं मूळ त्या एक-एक जागेत आहे.

पण मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती नोकरी. ती समजायला कोकणी माणसाला पुस्तक लागत नाही.

२०१६ मध्ये मी आणि सौ. लंकेला गेलो, तेव्हा सहल सोडून दोन दिवस मुद्दाम जाफन्याला गेलो. कोलंबोहून याळ देवी नावाची गाडी जाते. ती १९५६ साली सुरू झाली, युद्धामुळे १९९० पासून जाफन्यापर्यंत जात नव्हती, २०१४ मध्ये पुन्हा पोचली. समोरच्या बाकावर पंच्याहत्तरीचे एक निवृत्त शिक्षक होते. मीही मास्तर, त्यामुळे मोडक्या इंग्रजीत जमलं. ‘तुमच्याकडे पिकतं काय?’ असं मी विचारलं. म्हणाले, ‘तंबाखू, कांदा, मिरची आणि कारकून.’ मी इतका हसलो की सौ. जागी झाली.

जाफना म्हणजे चुनखडीचा सपाट खडक. नदी नाही, पाणी विहिरीचं, ताडाची झाडं. तिथे ना कॉफी होणार ना चहा. पण १८१६ मध्ये तिथे अमेरिकन मिशनरी आले. त्याच अमेरिकन मंडळाची माणसं तीन वर्षं आधी मुंबईत उतरली होती आणि त्यांनी मराठी मिशन उभं केलं होतं. जाफन्याजवळ वड्डुकोड्डई गावी त्यांनी १८२३ मध्ये मोठं विद्यालय काढलं. इंग्रजी, गणित, विज्ञान. जमिनीतून काही निघत नव्हतं, शाळेतून निघू लागलं. मुलं शिकली आणि कोलंबोच्या कचेऱ्यांत, रेल्वेत, टपालात, पुढे मलायापर्यंत कारकून होऊन गेली. घरी पैसे पाठवू लागली. जाफन्याच्या संसाराला तिकडे ‘मनीऑर्डरवरचा संसार’ म्हणत.

हे ऐकताना मला आमचं घर दिसत होतं. वडील परळला गिरणीत. आठवड्यातला कुठलाही दिवस असो, पोस्टमन वहाळ ओलांडून येताना दिसला की आई हात पुसत अंगणात यायची. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कपटा असायचा, त्यावर दोन ओळी मावत. वडील ठरलेलंच लिहीत : ‘मी खुशाल. पोरांची फी भरणे. छपराला हात लावू नये, मी येतो.’ पोस्टमन कपटा फाडून द्यायचा, आई तो देवघरातल्या डब्यात ठेवायची. त्या शिक्षकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, त्यांच्या आईचा डबा बिस्किटांचा होता.

मुख्य मुद्दा असा, ताई, की सरकारी नोकरी हा एकच दरवाजा आणि त्याची किल्ली इंग्रजी. जाफन्याचे तमिळ त्या रांगेत आपल्या संख्येच्या मानाने पुढे उभे. किनाऱ्यावरचे सुखवस्तू सिंहलीही इंग्रजी शिकलेच, मळेवाले आणि वकील झाले. मागे राहिला तो खेड्यातला सिंहली, आणि त्यातही कँडीच्या डोंगरातला. १८४० च्या कायद्याने, ज्याला आपला हक्क कागदावर दाखवता येत नव्हता त्याची पड जमीन सरकारजमा झाली आणि पुढे मळेवाल्यांना गेली. त्याच्या डोक्यावरच्या डोंगरात परक्याचा मळा, त्यात परका मजूर, आणि कचेरीत गेला तर खुर्चीवर तमिळ कारकून. खुर्ची देणारा गोरा साहेब त्याला दिसतच नव्हता.

यात नाक मुरडण्यासारखं आपल्याला काही नाही. १९६६-६७ च्या मे महिन्यात मी परळला वडिलांकडे होतो. तेव्हा एका साप्ताहिकात मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या यायच्या. गाळ्यात मी एकटा धड वाचणारा, त्यामुळे रात्री जेवणं झाली की मला त्या मोठ्याने वाचायला लावत. अय्यर, नायर, मेनन, कृष्णन. दहा-बाराजण ऐकायचे आणि प्रत्येक नावाला हुंकार भरायचे. त्यातल्या एकालाही त्या यादीतला माणूस ठाऊक नव्हता, आणि त्यांच्यापैकी एकाचीही नोकरी त्या माणसाने घेतली नव्हती. ते सगळे साच्यावर होते, टायपिंग कुणालाच येत नव्हतं. पण पोरं मॅट्रिक होत होती. मी बारा वर्षांचा, मला वाचायला मजा येत होती हेही कबूल करतो.

म्हणून सिंहली तरुणाचा राग मला कळतो. त्याचं पुढे जे केलं गेलं ते मात्र पटत नाही.

वरचे लोक बराच काळ एकत्र होते, हे मुद्दाम सांगतो. १९१५ मध्ये सिंहली-मुसलमान दंगलीनंतर इंग्रजांनी सिंहली पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं, तेव्हा त्यांची बाजू घेऊन विलायतेपर्यंत गेले ते पोन्नंबलम रामनाथन, जाफन्याचे तमिळ. ते परतले तेव्हा सिंहली मंडळींनी घोडे सोडून त्यांची गाडी स्वतः ओढली. १९१९ मध्ये सिलोन नॅशनल काँग्रेस निघाली, तिचे पहिले अध्यक्ष त्यांचे भाऊ अरुणाचलम. दोनच वर्षांत ते बाहेर पडले. कारण काय? कोलंबो भागात तमिळांसाठी एक जागा सोडायचा शब्द दिला होता, तो पाळला नाही. १९३१ मध्ये इंग्रजांनी जमातवार जागा रद्द करून स्त्री-पुरुष सगळ्यांना मत दिलं. गोष्ट उत्तम, हिंदुस्थानच्या वीस वर्षं आधी. पण शंभर वर्षं जमातीने मोजलेल्या लोकांना एका दिवसात ‘आता डोकी मोजू’ म्हटल्यावर ज्याची डोकी कमी तो धास्तावणारच.

प्रश्न : आमच्या वेंगुर्ल्यात डचांची पडकी वखार आहे. लंकेतही डच होते असं वाचलं. तेच का हे? त्यांचाही या भांडणात हात आहे का? (एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : तीच कंपनी. गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रातून नाकेबंदी करताना डच गलबतांना तुमच्या वखारीतून दाणापाणी जायचं. कोलंबो त्यांनी पोर्तुगीजांकडून १६५६ मध्ये घेतलं, जाफना १६५८ मध्ये. डचांचा ओढा सगळा दालचिनीकडे. साल सोलणारी सलागम जात दक्षिण भारतातून तिकडे गेलेली. आज ते पक्के सिंहली आहेत. किनाऱ्यावरच्या कोळी करावांचंही तसंच. निगोंबोच्या बंदरात म्हातारे कोळी अजून आपसात तमिळ बोलतात आणि स्वतःला सिंहली म्हणवतात. मी तिथे मासळीबाजारात तासभर उभा होतो. भाव सिंहलीत सांगायचे आणि भांडायचे तमिळमध्ये. एका टोपलीत सुरमई होती, तिचा भाव ऐकून सौ. मला ओढत घेऊन गेली. या लोकांना वंशाच्या कुठल्या रकान्यात घालणार, तुम्हीच सांगा.

हात म्हणाल तर कागदाचा. १७०७ मध्ये डचांनी जाफन्यातल्या तमिळांच्या वारसाहक्काच्या नि हुंड्याच्या चालीरीती लिहून काढल्या. तेसवलमै हे त्याचं नाव, म्हणजे देशाची वहिवाट. इंग्रजांनी तोच कायदा पुढे चालवला आणि आजही तो तिथल्या कोर्टात चालतो. कँडीच्या सिंहल्यांना वेगळा कायदा, किनाऱ्यावरच्यांना डचांनी आणलेला रोमन-डच. डचांनी हे वाईट बुद्धीने केलं नाही, त्यांना फक्त खटले निकालात काढायचे होते. पण वहिवाट तोंडी असते तोवर वाकते, लिहिली की ताठ होते. खोतीचं काय झालं ते तुमच्या आजोबांना विचारा. जमिनीची तोंडी चाल १८८० च्या कायद्यात उतरली आणि कूळ-खोताचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालले.

जाता जाता एक. पोर्तुगीजांनी आपल्याला नि लंकेला एकच पेटी वाटून दिलेली दिसते. आपली बालदी तिकडे ‘बाल्दिय’, सपाता ‘सपत्तु’, पाव ‘पान’. सिंहली आणि तमिळ दोघंही पावाला जवळपास एकाच नावाने हाक मारतात.

प्रश्न : सर, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. श्रीलंकेतील वांशिक संघर्षाला वसाहतवाद किती टक्के जबाबदार, हे थोडक्यात सांगाल का? (एक विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर : टक्के मला येत नाहीत. वर्षं सांगतो, तुम्ही हिशेब करा.

लंका स्वतंत्र झाली ४ फेब्रुवारी १९४८ ला. त्याच वर्षी तिथल्या निवडून आलेल्या संसदेने नागरिकत्वाचा कायदा केला आणि मळ्यातले सुमारे सात लाख तमिळ कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. तो कायदा इंग्रज सरकारने केलेला नव्हता. जाफन्याच्या तमिळ पुढाऱ्यांतही या प्रश्नावर फूट पडली. चेल्वनायकम बाहेर पडले आणि त्यांनी १९४९ मध्ये फेडरल पक्ष काढला. १९५६ मध्ये सिंहली पुढारी बंडारनायके यांनी भिक्खू, वैद्य, शिक्षक, शेतकरी आणि कामकरी अशा पाच शक्तींची मोट बांधली. सिंहलीतही शेवटच्या शब्दाला कम्करुच म्हणतात. हे सगळे इंग्रजीच्या दारातून परत पाठवलेले लोक. त्यांचं गाऱ्हाणं खरं होतं. पण दार सगळ्यांना उघडायचं सोडून कुलूप बदललं : राजभाषा फक्त सिंहली. तमिळ कारकुनाला बढतीसाठी सिंहलीची परीक्षा. याळ देवी सुरू झाली त्याच वर्षी. तेव्हा डाव्या पक्षाचे कोल्विन डी सिल्व्हा संसदेत म्हणाले होते, दोन भाषा तर एक राष्ट्र, एक भाषा तर दोन राष्ट्रं.

१९५७ मध्ये बंडारनायके आणि चेल्वनायकम यांचा करार झाला, भिक्खूंच्या दबावाखाली तो १९५८ मध्ये मोडला, आणि लगेच दंगल. १९७० च्या दशकात विद्यापीठ प्रवेशाचे नियम असे बदलले की जाफन्याच्या मुलाला जास्त गुण लागू लागले. मनीऑर्डर पाठवणारी पुढची पिढी तिथेच अडली. १९७६ मध्ये तमिळ पक्षांनी वेगळ्या राज्याचा ठराव केला तो वड्डुकोड्डईला, मिशनचं ते विद्यालय होतं त्याच गावी. १९८१ मध्ये जाफन्याचं वाचनालय जाळलं, सुमारे ९७ हजार पुस्तकं गेली. १९८३ च्या जुलैत कोलंबोत मतदारयाद्या हातात घेऊन तमिळांची घरं शोधली गेली. पुढचं युद्ध मे २००९ मध्ये संपलं, ते तुमच्या पुस्तकात असेल.

ते नवं बांधलेलं वाचनालय मी पाहिलं. पांढरं स्वच्छ, बूट बाहेर काढून आत जायचं. वर्तमानपत्रांच्या टेबलावर आठ-दहा म्हातारे वाचत बसले होते, आणि नोकरीच्या जाहिरातींचं पान तेवढं कुणीतरी आधीच उचलून नेलं होतं.

गुहागरहून सुरंगीच्या झाडाविषयी आलेलं पत्र पुढच्या अंकात घेतो.